पियानो: हातोडी सुटते कशी आणि तार ओढते किती

मंद्रसप्तक

दुसऱ्या एका धाग्यावर पियानो तंतुवाद्य की आघातवाद्य यावर भरपूर काथ्याकूट झाला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. वर्गवारीत मला फारसा रस नाही. तार आहे आणि हातोडीही आहे, दोन्ही बाजू खऱ्या. माझा प्रश्न वेगळा आहे: हे वाद्य आज जसं दिसतं तसं का झालं? आत बिडाची चौकट कशाला, तारा एकमेकींना ओलांडून का जातात, एका सुराला तीन तारा कशासाठी?

वाचत गेलो तसं माझं मत असं बनलं की पियानोचा जवळजवळ सगळा इतिहास दोन अडचणींभोवती फिरतो. एक, तारेवर मारलेली हातोडी तारेला चिकटून न राहता लगेच सुटली पाहिजे. दोन, आवाज मोठा हवा तर तार जास्त ओढावी लागते, आणि ती ओढ कुणीतरी पेलावी लागते. पहिली अडचण एका माणसाने जवळपास एकट्याने सोडवली. दुसरीने पुढची दीडशे वर्षं खाल्ली, आणि दर उपायामागे वाद्याने काहीतरी गमावलं.

पियानोआधी पट्ट्यांची दोन तंतुवाद्यं युरोपात रुळलेली होती. हार्पसिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की पिसाच्या देठाची छोटीशी नखी तार छेडते. आवाज खणखणीत, पण बोट हलकेच टेकवा नाहीतर आपटा, तार तेवढीच छेडली जाते. क्लॅव्हिकॉर्डची तऱ्हा उलटी. पट्टीच्या टोकाचं पितळी पातं तारेवर जाऊन टेकतं आणि बोट उचलेपर्यंत तिथेच राहतं. त्यामुळे आवाज कमी-जास्त करता येतो, बोट हलवून सूर किंचित आंदोलितसुद्धा करता येतो. पण हे सगळं इतक्या बारीक आवाजात की चार माणसं बोलायला लागली तर वाद्य ऐकूच येऊ नये.

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) हा पादुआचा कारागीर. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या राजपुत्र फेर्दिनान्दोने १६८८ मध्ये त्याला वाद्यं बनवायला आणि सांभाळायला पदरी ठेवलं. १७०० सालच्या दरबारी यादीत त्याच्या एका नव्या वाद्याची नोंद सापडते, मंद आणि मोठा असे दोन्ही आवाज देणारं. म्हणजे तोवर ते तयार होतं. १७११ मध्ये शिपिओने माफेई या लेखकाने त्यावर लेख लिहिला आणि आतल्या यंत्रणेची आकृतीही छापली. क्रिस्तोफोरीचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत: १७२० चा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, १७२२ चा रोममध्ये आणि १७२६ चा लाइपझिगमध्ये.

त्याने नेमकं काय केलं? पट्टीला हातोडी थेट जोडली तर बोट खाली असेपर्यंत हातोडी तारेला टेकून राहील आणि सूर जन्मतःच गुदमरेल. म्हणून पट्टीने हातोडीला ढकलायचं, पण शेवटपर्यंत सोबत जायचं नाही. तार अगदी जवळ आली की ढकलणारा छोटा दांडा बाजूला निसटतो. उरलेलं अंतर हातोडी स्वतःच्या वेगावर पार करते, तार ठोकते आणि मागे फिरते. हीच ती एस्केपमेंट. मागे येणारी हातोडी उसळून पुन्हा तारेवर जाऊ नये म्हणून तिला झेलणारा एक अडसरही १७२६ च्या वाद्यात आहे. पट्टी सोडली की तार थांबवायला डँपर आहेत. आजच्या ग्रँड पियानोत पट्टी समोरून साधारण १० मिलिमीटर दबते आणि तेवढ्यात हातोडी ४५ मिलिमीटरच्या आसपास प्रवास करते. निसटण्याची जागा तारेच्या दीड-दोन मिलिमीटर अलीकडे. मापं आणि सामान बदललं, तत्त्व त्याचंच आहे.

त्याची हातोडी बघून मात्र आश्चर्य वाटतं. कागदाची गुंडाळी करून डिंकाने घट्ट केलेली, वर चामड्याची पट्टी. वाद्याचा पल्ला चार ते साडेचार सप्तकं. आवाज आपल्या कानाला हार्पसिकॉर्डचा सौम्य भाऊ वाटेल असा.

इटलीत याचा फारसा गाजावाजा झाला नाही. खास या वाद्यासाठी लिहिलेलं पहिलं छापील संगीत म्हणजे लोदोविको जुस्तिनीच्या बारा सोनाटा, तेही १७३२ मध्ये, म्हणजे क्रिस्तोफोरी गेल्यावर. पण माफेईच्या लेखाचा १७२५ मध्ये जर्मन अनुवाद आला आणि सॅक्सनीतला ऑर्गन बनवणारा गॉटफ्रीड झिल्बरमन कामाला लागला. त्याचे सुरुवातीचे पियानो बाखने वाजवून पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की वरचे सूर दुबळे आहेत आणि पट्ट्या जड आहेत. झिल्बरमन म्हणे बरीच वर्षं धुसफुसत होता, पण सुधारणा करत राहिला. १७४७ मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या दरबारात बाख झिल्बरमनच्याच पियानोंवर वाजवत होता.

पुढे दोन घराणी पडली. व्हिएन्नाच्या बाजूला हातोडी पट्टीवरच बसवलेली, हलकी, चपळ, चामड्याने मढवलेली. ऑग्सबुर्गचा योहान आंद्रेआस स्टाइन हा यातला मोठा कारागीर. मोझार्टने १७७७ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात स्टाइनच्या एस्केपमेंटचं तोंडभरून कौतुक केलंय. शंभरात एखादा कारागीरच या भानगडीत पडतो, असा त्याचा सूर आहे. स्टाइनची मुलगी नॅनेट ही स्वतः उत्तम पियानो बनवणारी. लग्नानंतर १७९४ मध्ये तिने कारखाना व्हिएन्नाला हलवला आणि पुढे स्वतःच्या नावावर चालवला. वाद्यांवर 'नॅनेट स्ट्राइखर, माहेरची स्टाइन' असं लिहिलेलं असे. बीथोव्हनची ती जवळची मैत्रीण होती, त्याच्या घरच्या नोकरचाकरांच्या कटकटीसुद्धा निस्तरत असे. पियानोच्या इतिहासात या बाईंना दोन ओळींवर बोळवतात याचं मला वाईट वाटतं, आणि मीही इथे फार जास्त दिलेल्या नाहीत.

लंडनच्या बाजूला हातोड्या पट्ट्यांपासून वेगळ्या, एका आडव्या दांडीवर टांगलेल्या, वजनदार. आवाज भरदार, हात जड. तिथल्या ब्रॉडवुड कंपनीने १७९४ पर्यंत पल्ला पाचाचा सहा सप्तकांवर नेला. १८१७ च्या अखेरीस त्यांनी बीथोव्हनला एक पियानो भेट पाठवला. तो नंतर पियानोवादक लिस्टकडे गेला आणि आज बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आता दुसरी अडचण. मैफली दिवाणखान्यातून मोठ्या सभागृहात गेल्या. आवाज वाढवायचा तर तार जाड हवी. जाड तार त्याच सुराला आणायची तर जास्त ओढायला हवी. जास्त ओढलेली जाड तार हलवायला जड हातोडी हवी. आणि या सगळ्याची ओढ लाकडी सांगाड्यावर. लाकूड वाकायला लागलं, सूर टिकेनात, सांध्यांना भेगा. आधी लोखंडी कांबी जोडून पाहिल्या. मग बॉस्टनमध्ये आल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये चौकोनी पियानोसाठी एकसंध बिडाची चौकट ओतली आणि जोनास चिकरिंगने १८४३ मध्ये ती ग्रँड पियानोत आणली. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या हेन्री स्टाइनवे ज्युनियरने ग्रँडमध्ये खर्जाच्या तारा मधल्या तारांवरून तिरप्या नेण्याचं पेटंट घेतलं. आजच्या मोठ्या पियानोत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांची एकूण ओढ १८ ते २० टनांच्या घरात जाते. ही ओढ दिवसरात्र, कुणी वाजवो न वाजवो.

जड हातोड्यांमुळे पट्टी जड झाली आणि सूर भराभर पुन्हा वाजवणं अवघड झालं. यावरचा तोडगा एरार कंपनीचा, पेटंट १८२१ चं: दुहेरी एस्केपमेंट. पट्टी पूर्ण वर यायची वाट न पाहता, थोडीशी सुटली की एका स्प्रिंगच्या तरफेवर हातोडी तोलली जाते आणि दांडा पुन्हा तिच्याखाली सरकतो. लगेच दुसरा ठोका तयार. लिस्टच्या पिढीची ती धुवांधार पुनरावृत्ती याच कळीवर उभी आहे.

पेडल, ट्यूनिंग, लाकूड वगैरे मुद्दाम सोडलंय. जाणकारांनी भर घालावी.

---

पोटमाळा

झकास धागा. वाचनखूण साठवली. दोन बाळबोध प्रश्न. ८८ च पट्ट्या का? आणि तीन तारांचं उत्तर तुम्ही दिलंच नाही. एका तारेने काय बिघडलं असतं?

---

मंद्रसप्तक

८८ ला काही गूढ कारण नाही. पल्ला हळूहळू वाढत गेला: मोझार्टच्या काळी पाच सप्तकं, बीथोव्हनच्या शेवटच्या वर्षांत साडेसहा, १८८० च्या दशकात सव्वासात. तिथे थांबला कारण दोन्ही टोकांना कान दाद देईनासा होतो. सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्‌झ, वरचा ४१८६. त्याखाली सूर न ऐकू येता नुसती घरघर, त्यावर नुसती टिकटिक. तरी बोझनडॉर्फर कंपनीने ९७ पट्ट्यांचा, पूर्ण आठ सप्तकांचा पियानो बनवला. बुसोनी या पियानोवादकाला बाखच्या ऑर्गनच्या रचना पियानोवर आणताना खालचे सूर हवे होते, त्यातून ही कल्पना निघाली. त्या जादा पट्ट्या पूर्ण काळ्या असतात, नाहीतर वाजवणाऱ्याच्या नजरेला 'इथे पियानो संपतो' हे कळत नाही आणि हात चुकतो.

खर्जाबद्दल एक हिशोब सांगतो. सगळ्यात वरची तार जेमतेम ५ सेंटीमीटर. दर सप्तकाला लांबी दुप्पट करायची म्हटलं तर सात सप्तकं खाली येईपर्यंत ती सहा मीटरच्या वर जाते. एवढा लांब पियानो कोण ठेवणार? म्हणून खालच्या तारा लांबीऐवजी वजनाने मंद करतात. पोलादी तारेवर तांब्याची तार गुंडाळायची. नुसती जाड पोलादी तार घेतली तर ती तारेसारखी न वागता सळईसारखी वागू लागते. गुंडाळल्याने वजन वाढतं, लवचीकपणा फारसा जात नाही.

तीन तारांचं काजवा_२ सांगतील, त्यांचा प्रांत आहे.

---

काजवा_२

ओढून आणलंत, तर सांगतो.

सरळ उत्तर आवाजाचं आहे. वरच्या तारा लहान आणि हलक्या, एकीत दम नाही. म्हणून खर्जात एक, मग दोन, मग तीन. पण गंमत पुढे आहे. पियानोचा एक सूर वाजवून कान देऊन ऐका. आधी आवाज झपाट्याने खाली येतो आणि मग एका टप्प्यावर उतार मंदावतो, सूर रेंगाळत राहतो. १९७७ मध्ये गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने याचं नीट विश्लेषण केलं.

हातोडी तिन्ही तारांना एकाच वेळी ठोकते. सुरुवातीला तिन्ही एकदम वर, एकदम खाली. त्यामुळे ज्या घोडीवरून त्या जातात तिला तिघींचा एकत्र धक्का बसतो, ऊर्जा धडाधड साउंडबोर्डमध्ये, म्हणजे घोडीखालच्या लाकडी फळीत जाते: मोठा आवाज, पण लवकर संपणारा. आता तिन्ही तारा अगदी तंतोतंत एका सुरात नसतात, केसभर फरक असतोच. थोड्या वेळात त्यांची पावलं चुकतात. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. घोडीवरचे धक्के एकमेकांना खोडतात, ऊर्जा बाहेर पडायला वाटच राहत नाही. तारा मात्र हलत असतात. तोच तो लांबणारा मंद सूर. म्हणजे उत्तम ट्यूनर त्या तीन तारांत जो सूक्ष्म फरक राहू देतो, त्यावर सूर किती गातो हे ठरतं. माझ्या मते पियानोतली ही सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, एस्केपमेंटपेक्षाही.

डाव्या पेडलचंही कोडं यातच सुटतं. ग्रँडमध्ये ते दाबलं की सगळी यंत्रणा किंचित बाजूला सरकते आणि हातोडी तीनऐवजी दोनच तारांवर बसते. आवाज एकतृतीयांश कमी व्हावा, बस्स? तसं होत नाही, रंगच बदलतो. न ठोकलेली तिसरी तार घोडीमार्फत हलायला लागते ती बाकी दोघींच्या उलट तालात. त्यामुळे तो रेंगाळणारा भाग जवळपास सुरुवातीपासूनच हजर असतो.

---

रेघोट्या

काजवा_२, हे वाचून डोकं भणभणलं, पण मस्त.

मी वाजवते, त्यामुळे दुसऱ्या टोकाचा प्रश्न. धागाकर्त्यांच्या म्हणण्यानुसार शेवटच्या दोन मिलिमीटरमध्ये हातोडी मोकळी उडते. मग आम्हाला वर्षानुवर्षं शिकवतात ते 'खांद्यातून वजन सोड', 'मनगट मऊ ठेव', 'पट्टीच्या तळाशी पोच' हे सगळं थोतांड का? हातोडीला माझं मनगट कुठे कळतं? तरीही दोन वादकांचा एकाच पियानोवरचा आवाज वेगळा येतो, हे तर कुणीही ऐकू शकतं.

---

काजवा_२

हे भांडण शंभर वर्षं जुनं आहे. ऑटो ओर्टमनने १९२५ च्या सुमारास मोजमापं करून सांगितलं होतं की एका सुरापुरतं बोलायचं तर बोटाच्या हाती फक्त एक गोष्ट आहे: सुटताना हातोडीचा वेग. वेग तोच तर आवाज तोच, आणि तुम्ही रंग म्हणता तो वेगासोबतच बदलतो. जोरात ठोकलं की हातोडीवरचं फेल्ट (दाबलेली लोकर) दबून कडक होतं, वरचे ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुरासोबत उठणारे वरचे सूर, जास्त उठतात, सूर चमकदार होतो. हळू ठोकलं की फेल्ट मऊ राहतं, सूर गोल येतो. मंद आणि चमकदार असा एकच सूर तुम्हाला वेगळा काढता येणार नाही.

---

रेघोट्या

एका सुरापुरतं मान्य. पण एक सूर वाजवायला कोण बसतं? चार सुरांच्या कॉर्डमध्ये वरचा सूर किती पुढे काढायचा, दोन सूर एकमेकांवर किती वेळ रेंगाळू द्यायचे, पेडल नेमकं कधी बदलायचं, डँपर अर्धवट टेकवायचे की पूर्ण, यातच सगळा 'टच' आहे. आणि मनगट मऊ असलं तरच मला त्या वेगांवर ताबा मिळतो. शिक्षक जे सांगतात ते भौतिकशास्त्र म्हणून चूक असेल, हाताला दिलेली सूचना म्हणून बरोबर आहे.

शिवाय बोट पट्टीवर आपटलं की लाकडाचा 'टक' येतो तो वेगळाच. तो हातोडीच्या आधी कानात शिरतो.

---

काजवा_२

'टक'चा मुद्दा बिनतोड. प्रयोगांत लोकांना दोन स्पर्शांतला फरक ओळखता येतो तो बऱ्याचदा त्या टकटकीवरूनच. बाकी तुमच्याशी भांडण नाही.

---

सुतारपक्षी

लाकडावर कुणीच काही बोलेना म्हणून लॉगिन केलं. पियानो म्हणजे तारा आणि लोखंड असं वाटायला लागलंय इथे. अहो, नुसत्या तारेचा आवाज फुटभरावर ऐकू येत नाही. ती इतकी बारीक आहे की हवेला कापत जाते, हलवत नाही. ऐकू येतो तो साउंडबोर्ड. साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीची स्प्रूसची पातळ फळी, खाली आडव्या पट्ट्यांनी ताणलेली. वजनाच्या मानाने स्प्रूसइतकं ताठ लाकूड क्वचितच मिळतं. थंड हवेतलं, हळू वाढलेलं, वर्षवलयं दाट आणि एकसारखी असलेलं झाड लागतं.

ही फळी सपाट नसते. मधोमध अगदी थोडी फुगवलेली असते आणि तारा घोडीवरून जाताना तिला खाली दाबत असतात. फुगवटा आणि दाब यांचा हा तोल बिघडला की पियानो 'मेला' म्हणतात. मग नव्या तारा घाला नाहीतर नव्या हातोड्या, उपयोग नाही.

स्टाइनचं नाव निघालंय तर त्याच पत्रातली पुढची गोष्ट सांगतो, मला ती एस्केपमेंटपेक्षा आवडते. मोझार्ट लिहितो की स्टाइन साउंडबोर्ड तयार झाला की उन्हात, पावसात, बर्फात ठेवून देतो, मुद्दाम तडकू देतो. तडकला की त्या फटीत पाचर बसवून सरसाने चिकटवतो. जे तडकायचं ते आधीच तडकून घ्यावं, वाद्य झाल्यावर नको, हा हिशोब. सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणणार नाही, पण लाकूड ओळखणारा माणूस होता एवढं नक्की.

दमट हवेत साउंडबोर्ड फुगतो, घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. कोरड्या हवेत उलट. सगळे सूर सारखे चढले असते तर एक वेळ चाललं असतं, पण मधले सूर टोकांपेक्षा जास्त हलतात, म्हणून पियानो स्वतःशीच बेसूर होतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा, यापलीकडे मंत्र नाही. आकड्यापेक्षा स्थिर राहणं महत्त्वाचं.

आणि हातोड्या: दाबलेल्या लोकरीचा एकच लांब पट्टा घेतात, एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होत जाणारा. ओळीने मांडलेल्या लाकडी गाभ्यांवर तो प्रचंड दाबाने वाकवून चिकटवतात आणि मग पावाच्या लादीसारखे काप करून एकेक हातोडी वेगळी करतात. फेल्ट वापरायची कल्पना पॅरिसच्या आंरी पापची, १८२६ ची. त्याआधी चामडंच. वाजवून वाजवून फेल्टला तारांचे चर पडतात, ते कडक होतं, पियानो कर्कश होतो. मग कारागीर सुया टोचून ते सैल करतो. किती टोचायचं हे हाताला कळावं लागतं, जास्त झालं तर परत फिरता येत नाही.

---

तिरपांगडा

सगळे आरत्या ओवाळताहेत, तर मी थोडा उलटा सूर लावतो. माझं मत: बीड आणि तिरप्या तारांनी पियानोचं भलं केलं कमी, नुकसान जास्त. मोझार्टच्या काळच्या व्हिएन्नी पियानोचा खर्ज ऐका. स्वच्छ, बोलका, प्रत्येक सूर वेगळा. आजच्या ग्रँडवर त्याच खालच्या सप्तकात कॉर्ड धरला की नुसता चिखल. मोझार्टने खाली दाट कॉर्ड लिहिलेत ते वेडा होता म्हणून नव्हे, त्याच्या वाद्यावर ते शोभायचे म्हणून. पूर्वी खर्ज, मध्य आणि तार असे तीन वेगळे रंग होते. आता वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीत आवाज. याला प्रगती म्हणायचं?

---

मंद्रसप्तक

निदान बरोबर, निकाल नाही पटला. रंग गेले हे खरं. धाग्यात वाद्याने गमावलं म्हटलं ते हेच. पण तिरप्या तारांनी दोन गोष्टी दिल्या. त्याच लांबीच्या पेटीत खर्जाची तार जास्त लांब बसली, आणि खर्जाची घोडी साउंडबोर्डच्या कडेवरून आत सरकली, जिथे फळी जास्त मोकळी हलते. हे नसतं तर ब्राम्सचे कॉन्चेर्तो ऑर्केस्ट्रासमोर टिकले असते का? मोझार्टच्या वाद्यावर रखमानिनोफ वाजवून बघा, दुसऱ्या पानावर तारा तुटतील.

तुमच्या बाजूचा एक पुरावा मात्र मीच देतो. २०१५ मध्ये पियानोवादक डॅनियल बॅरनबॉइमने एक नवा ग्रँड लोकांसमोर आणला. बेल्जियमच्या क्रिस माने यांनी बनवलेला, तारा सरळ समांतर. सिएनामध्ये लिस्टचा जुना पियानो वाजवून त्याला ही कल्पना सुचली. म्हणजे आधुनिक ताकद ठेवून जुने वेगळे रंग परत आणायचा प्रयत्न.

---

तिरपांगडा

चला, एक साक्षीदार मिळाला. शोपँलाही माझ्या बाजूला घेतो. तब्येत बरी असेल, हात चालत असेल तेव्हा त्याला प्लेएल कंपनीचा पियानो हवा असे. एरारवर सगळं आपोआप छान वाजतं, म्हणून तो थकल्या दिवसांसाठी. प्लेएलमध्ये दुहेरी एस्केपमेंट नव्हती, हे लक्षात घ्या.

---

पोटमाळा

हातोडी तारेच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावरच ठोकते, त्यामुळे बेसूर असलेला सातवा ओव्हरटोन मरतो, असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

---

काजवा_२

हे शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्‌झपासून चालत आलंय. जिथे ठोकाल तिथे ज्या ओव्हरटोनची गाठ (न हलणारी जागा) आहे तो उठत नाही, हे तत्त्व ठीक. पण हातोडी टाचणीसारखी टोकदार नसते, रुंद असते. आणि प्रत्यक्षात ठोक्याची जागा मध्यात आठव्या हिश्श्याच्या आसपास असली तरी वर जाताना ती तारेच्या टोकाकडे खूपच सरकते. सातवा मारायचा म्हणून जागा निवडली असती तर सगळीकडे सातवा हिस्सा दिसला असता. कारागिरांनी कानाने ठरवलं, कारण नंतर चिकटवलं गेलं.

ओव्हरटोनचा खरा चमत्कार ट्यूनिंगमध्ये आहे. पोलादी तार थोडी ताठ असल्यामुळे तिचे ओव्हरटोन दुप्पट, तिप्पट, चौपट असे काटेकोर पटीत नसतात, सगळे जरा चढे असतात. म्हणून गणिताने अचूक दुप्पट लावलेलं सप्तक कानाला उतरलेलं वाटतं. ट्यूनर वरचे सूर थोडे चढे आणि खालचे थोडे उतरते लावतो. शेवटच्या टोकांना हा फरक २०–३० सेंटपर्यंत जातो (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पियानो जितका लहान तितक्या खर्जाच्या तारा आखूड आणि ताठ, आणि ही ओढाताण जास्त. लहान पियानो सुरात लावला तरी खालचे सूर किंचित खोटे वाटतात त्याचं कारण हेच.

याच्यावर समान बारा भागांची तडजोड आहेच. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा, पियानोचा ७००, तिथे फारसं कळत नाही. पण शुद्ध गंधार ३८६ चा आणि पियानोचा ४००. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला तो चढा लागतोच, त्यात त्याच्या कानाचा दोष नाही.

---

रेघोट्या

आता उभ्या पियानोबद्दल कुणीतरी लिहा. बहुतेकांच्या वाट्याला तोच येतो. आणि त्याचं मधलं पेडल नक्की कशासाठी?

---

मंद्रसप्तक

उभ्याचं रूप १८०० च्या सुमाराला आलं: फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्स आणि व्हिएन्नात मॅथियस म्युलर, दोघांनी एकमेकांपासून दूर राहून जवळपास एकाच वेळी केलं. जागा वाचली, पण एक अडचण कायमची चिकटली. ग्रँडमध्ये तार आडवी, हातोडी खालून वर जाते आणि स्वतःच्या वजनाने खाली येते. उभ्यात हातोडी समोरून जाते, वजन तिला परत आणायला फारशी मदत करत नाही. म्हणून स्प्रिंग आणि कापडी फितीने मागे ओढतात. एरारची दुहेरी एस्केपमेंट त्यात सहसा नसते, त्यामुळे पट्टी बरीच वर आल्याशिवाय दुसरा ठोका बसत नाही. एकच सूर फार भराभर वाजवताना उभ्यावर अडखळायला होतं ते यामुळे. तुमचे हात निर्दोष आहेत.

डावं पेडलही वेगळं. उभ्यात यंत्रणा बाजूला न सरकता सगळ्या हातोड्या तारांच्या जवळ येतात. प्रवास कमी, वेग कमी, आवाज कमी. काजवा_२ नी सांगितलेला रंग बदलण्याचा भाग त्यात नाही.

मधल्या पेडलचं म्हणाल तर नावापुरतं साम्य. ग्रँडमध्ये ते फक्त त्या क्षणी दाबलेल्या पट्ट्यांचे डँपर उचलून धरतं, बाकीचे मोकळे. खाली एक लांब सूर धरून वर हात मोकळे ठेवता येतात. बोआसलो यांनी पॅरिसमध्ये १८४४ मध्ये तसं काही दाखवलं होतं, पण रूढ झालं ते स्टाइनवेच्या १८७४ च्या पेटंटनंतर. उभ्या पियानोत मात्र बहुतेक वेळा त्या पेडलने हातोड्या आणि तारा यांच्या मधे फेल्टची एक पट्टी उतरते. आवाज पार दबतो. रात्री सरावाला बसा, शेजारी तक्रार करणार नाहीत.

---

सुतारपक्षी

फक्त ती पट्टी महिनोन्महिने खाली ठेवू नका. तिच्या आड हातोडी ऐकूच येत नाही, मग हात नकळत जोर लावायला शिकतो, आणि पट्टी काढल्यावर घरभर कळतं.